बोयाची राखण

मुरबाडकडच्या टोकावड्याच्या धम्मपालला सरकारी कामावर घेतलं, तेव्हा त्याच्या आईनं, कमळाबाईनं, अख्ख्या बुद्धवाडीत सांगून टाकलं, "माझा पोरगा समुद्रातनं वीज काढतोय." वीजबीज काही नाही. खालच्या कोकणात एका कोळीवाड्यासमोर समुद्रात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिवळ्या बोयावर नजर ठेवायची, एवढंच काम. लाटांत किती जोर आहे ते हा बोया मोजायचा आणि नोंद त्याच्या पोटातल्या पेटीत साठायची. ती पेटी पावसाळा सरला की उघडायची. सिद्धगडाच्या रानात वाढलेल्या माणसाला समुद्राच्या राखणीला बसवलं, सरकारचीही गंमतच.

पण धम्मपालनं त्या बोयाला जीव लावला. लाटांचा खरा जोर पावसाळ्यातच, आणि आधीची दोन्ही वर्षं नेमकी पावसाळ्यातच नोंद तुटलेली. साहेब म्हणाले होते, यंदाचा पावसाळा पुरा मिळाला तर हे मोजणी केंद्र चालू राहील आणि तुला कायम करू.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत बोयाची साखळी तुटली. धम्मपालच्या डोळ्यांदेखत तो गटांगळ्या खात खडकांकडे निघाला. धम्मपाल धावत कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या बुधू तांडेलाकडे गेला. होड्या केव्हाच वर ओढून नारळीच्या झापांखाली झाकलेल्या. नारळी पुनवेआधी त्या पाण्यात जात नाहीत.

"बुधूबाबा, एक होडी काढा ना! माझी नोकरी हाय त्यात."

"धम्मा, समुद्राकडं बघ रे. तुझ्या नोकरीपायी माझी पोरं घालवू?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच फार लागलं. धम्मपाल स्वतःच पाण्यात शिरला. लाटेनं उचलून वाळूवर आपटला, तरी पुन्हा शिरला. शेवटी बुधूनं बखोट धरून त्याला बाहेर ओढलं. बोया पोटातल्या पेटीसकट खडकावर फुटताना दोघांनी उभं राहून पाहिला. धम्मपालला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलंही नाही.

पुढं काही दिवसांनी साहेबांनी फोन करायचा निरोप धाडला म्हणून त्यानं किनाऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. साहेब भला माणूस, पण त्यांचेही हात बांधलेले. वरून अहवाल मागितला होता आणि हाताशी नोंदी होत्या त्या फक्त हिवाळ्या-उन्हाळ्याच्या.

"काय लिवलंत, साहेब?"

"इथल्या लाटांत वीज काढण्याइतका जोर नाही, असं लिहिलं. केंद्र बंद. तू मुरबाडला परत जा."

"पण साहेब, हितं तर..."

"मोठ्यानं बोल रे. मागं कसला आवाज येतोय? काही ऐकू येत नाही."

"लाटांचा, साहेब!" धम्मपाल ओरडला. "लाटांचा!"

"काय?"

त्यानं पुन्हा सांगितलं. साहेबांना तेही ऐकू गेलं नाही.