शंका संघमित्राच्या नावावर

रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी संघमित्रा कानात हेडफोन घालून स्पेनमधल्या एखाद्या गावचं हवामान ऐकायची. वारा उत्तरेकडून, दुपारी ऊन, पहाटे बागांवर दहिवर. ती गावं तिने पाहिली नव्हती. पण हवामान सांगणाऱ्या बाईच्या आवाजात कुणाला हिणवणं नसायचं, आणि तेवढ्याने तिची जीभ सैल व्हायची.

पवईतल्या एका ऑफिसात ती हॉस्पिटलांची पत्रकं इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायची. घर घाटकोपरला, पंतनगरात. तिचे वडील कुंडलिक मूळचे हिंगोलीकडचे, लिफ्ट दुरुस्तीत आयुष्य गेलेले. बँकेच्या परीक्षा सोडून लेकीने स्पॅनिशचा हट्ट धरला तेव्हा तेच तिच्या बाजूने उभे राहिले. मामाने मात्र बजावलं होतं, उमेदवारी संपेपर्यंत नोकरीत पक्की झाली नाहीस तर मुकाट बँकेचा फॉर्म भरायचा. उमेदवारी संपत आली होती. कुंडलिक इमारतीत सांगत फिरायचे, "आमची पोरगी परदेशातल्या पेशंटांसाठी लिहिते." ती म्हणायची, "आबा, पक्की होऊ द्या, मग सांगा." ते ऐकायचे नाहीत.

कामाची गंमत अशी, की पत्रक अख्खं कधी समोर यायचं नाही. यंत्र त्याचे तुकडे करायचं आणि एकेक ओळ ज्याला-त्याला वाटून द्यायचं. मागचं-पुढचं काही दिसायचं नाही. अडलं, तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला शंका पाठवायची, आणि ती पाठवणाऱ्याच्या नावाने जायची. गिऱ्हाइकांना शंका आवडत नाहीत. म्हणून त्या ऑफिसात जुनी चाल पडलेली, शंका कुणाचीही असो, पाठवायची नव्या माणसाने. पुढचा नवा आला की हे ओझं त्याच्या डोक्यावर. तिच्या आधी लागलेल्या क्षमानेही आपल्या वेळेला ते वाहिलं होतं. संघमित्रानंतर मात्र ऑफिसने कुणाला घेतलंच नाही.

एका दुपारी क्षमाच्या वाट्याला ओळ आली, 'डिस्चार्जकडे लक्ष ठेवा'. बस, एवढीच.

"स्पॅनिशमध्ये 'आल्ता' टाकते," क्षमा म्हणाली. "पेशंट घरी सोडतात तो डिस्चार्ज."

"जखमेतून पाणी येतं तेही असेल ना," संघमित्रा म्हणाली. "मग सेक्रेसिओन लागेल. आणि मशीनची बॅटरी उतरत असेल तर देस्कार्गा. इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द, स्पॅनिशमध्ये तीन."

"मग विचार ना यार. तुझ्या नावाने."

"ओळ तुझी आहे, क्षमा."

"तुम्हा लोकांना मागायची सवय असते गं," क्षमा हसून म्हणाली. "आम्हाला जमत नाही."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. संघमित्राने शंका पाठवली. भांडून काय मिळणार होतं? आपण सगळ्यांचं करतोय, वेळ आली की कुणीतरी एक शब्द बोलेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

उत्तर आलं, जखमेतला स्राव. क्षमाने शब्द भरला, राजेशची शाबासकी घेतली. राजेश म्हणजे त्यांचा टीम लीड. उत्तराखाली गिऱ्हाइकाने आणखी एक ओळ लिहिली होती, तुमच्या या भाषांतरकार बाईंना काही येत नाही का?

राजेशने संघमित्राला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस, म्हणाला.

"सर, ती ओळ क्षमाची होती."

त्याने दार अर्धं उघडलं. "क्षमा, डिस्चार्जची शंका तुझी होती का गं?"

क्षमाने मान वर केली. सगळं ऑफिस ऐकत होतं. "मला कशाला शंका येईल? सोपी तर ओळ होती."

 अपूर्वा, जिच्या शंका संघमित्राने आठवडाभर वाहिल्या होत्या, ती बाटलीचं झाकण घट्ट करत बसली.

राजेशने दार लावलं. "मला माहितीये गं," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "सगळ्यांनाच माहितीये. मीही दोनदा तुझ्या नावाने पाठवल्यात. पण तिकडे नाव तुझं दिसतं ना."

तिला वडिलांची आठवण झाली. या वेळी ते इमारतीखाली बाकावर बसलेले असणार, कुणाला तरी तेच सांगत. आता ते सांगणं बंद कसं करायचं? रडू आलं नाही. 

शेवटच्या दिवशी तिने टेबल आवरलं. निरोपाला कुणी केक आणला नाही. पक्क्या माणसांसाठी आणतात. ती उठणार तेवढ्यात क्षमा खुर्ची सरकवत जवळ आली.

"ए, तुझं लॉगिन संध्याकाळपर्यंत चालू आहे ना? ही एक शंका पाठव ना जाता जाता. तसंही तुला आता काय फरक पडतो?"

 संघमित्रा परत खुर्चीत टेकली. वाक्य तिने नीट लिहिलं, कुठला अर्थ अपेक्षित आहे ते विचारलं, शेवटी आभार मानले. खाली तिचं नाव आपोआप उमटलं. क्षमा खांद्यावरून वाचत होती, पाठवल्याशिवाय हलली नाही.

"पाठवलं," संघमित्रा म्हणाली. "जरा पाय घे ना, माझी चप्पल तुझ्या खुर्चीखाली गेलीय."