कवडूनं उंच केलेली चौकट

कवडूच्या घरात नवं असं काही नव्हतंच. नागपूरच्या इंदोऱ्यात जागा मिळाली तेव्हापासून गिरणीला सुटी असली की हा गडी, कुठं जुनं घर पाडून राहिले, ते हुडकत फिरायचा. पारशिवनीच्या मालगुजाराच्या गोठ्याच्या छपरावरचे कवेलू त्यानं आणले, रेल्वे क्वार्टरच्या खिडक्या आणल्या. वस्तीतले लोक हसायचे, कवडूनं कबाड्याचं दुकान टाकलं म्हणायचे. हसोत बापडे! जुनं सागवान काय चीज असते, हे त्यांना काय कळणार?

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. शहरातल्या महाल भागात एक मोठं घर पाडत होते, तिथून त्यानं दारासकट चौकट आणली. तिच्यावर तेलरंगाची इतकी पुटं चढली होती की वरच्या लाकडावर मधोमध आहे तो उंचवटा म्हणजे फूल असेल, असं तो धरून चालला. घरी काचेच्या तुकड्यानं रंग खरवडायला बसला, तर आधी सुपाएवढा कान निघाला, मग सोंड.

त्याच्या बायकोनं, सत्यवतीनं, छप्पन साली पांढरं लुगडं नेसून आईच्या शेजारी उभं राहून दीक्षा घेतली होती. तेव्हापासून घरात देव नाही, उपास नाही. तिनं चौकट पाहिली आणि सरळ सांगून टाकलं, ही लावली तर मी या घरात पाय टाकणार नाही. घरभरणी बुद्धपौर्णिमेला ठरलेली, ती तर तोंडावर येऊन ठेपलेली!

देव तर कवडूलाही नको होता. पण कोण्या सुतारानं जीव ओतून ते कोरलं होतं, त्यावर पटाशी चालवायला त्याचा हात उठेना. कुणी म्हणालं, तोंड भिंतीकडं करून बसव. हे त्याला त्याहून वाईट वाटलं. आपल्याच घरात लपवाछपवी कशाला?

शेवटी दार बसवून द्यायला त्याचा दोस्त मधुसूदन सुतार आला. अंदाज घ्यायला दोघांनी चौकट नुसती उभी करून टेकवली. कवडू आत जायला निघाला आणि त्याचं कपाळ वरच्या लाकडावर आदळलं. मधुसूदननं सहज सांगितलं, जुने लोक दार मुद्दाम ठेंगणं ठेवायचे, म्हणजे येणारा देवापुढं आपोआप वाकतो.

सत्यवती बाजूलाच उभी होती. ती हळूच म्हणाली, "देवाचं जाऊ द्या. मले वाकाचं नाही."

कवडूनं कपाळ चोळलं. मग त्यानं स्वतःच्या हातानं वरच्या लाकडाचा सांधा सोडवला. गणपतीचं लाकूड मधुसूदननं धोतरात गुंडाळून मानानं आपल्या घरी नेलं. दोन्ही उभ्या लाकडांना साध्या सागवानाचे तुकडे जोडून दार हातभर उंच केलं आणि वर कोरं आडवं लाकूड बसवलं. जोड लांबूनही दिसायचा. दिसेना का!

पौर्णिमेला वस्तीतली माणसं वंदनेला आत बसली. कवडू शेजारून सतरंजी घेऊन आला आणि दारात येताच कमरेतून वाकला. डोक्यावर भरपूर जागा मोकळी होती. सगळा जन्म टिनाच्या झोपडीत गेलेला, तिथं वाकल्याशिवाय आत जाताच येत नसे.

सत्यवतीनं पाहिलं.

"वाकून काहून राहिले तुम्ही? दार तं आपलं हाय."

कवडू सतरंजी घेऊन तसाच उंबरठ्यावर थांबला. मग मागं सरला, बाहेर अंगणात गेला आणि ताठ मानेनं पुन्हा आत आला.