नववीचा पेपर आणि वेचणीची गाडी

गेल्या शुक्रवारी सकाळपासूनच माझं डोकं फिरलेलं होतं. कारण एकच... नववीच्या घटक चाचणीचे पेपर.

प्रश्न साधा होता. धावत्या बसने अचानक ब्रेक मारला की प्रवासी पुढे का फेकले जातात? त्याआधी अख्खा महिना मी न्यूटनचे नियम शिकवले होते. ग्लासवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं, पुठ्ठा टिचकीने उडवून दाखवला... घसा बसला माझा.

आणि उत्तरं काय? 'कारण एसटी जुनी असते.' 'कारण ड्रायव्हर मोबाईलवर बोलतो.' एकाने तर कंडक्टरच्या घंटीला दोष दिला होता! ज्यांनी बरोबर लिहिलं, त्यांनी गाईड काना-मात्रेसकट उतरवलं होतं. उभं करून विचारलं, की बघतात छताकडे.

बरं, रागवायचं तरी कोणावर? निम्मी बाकं रिकामी. यंदा बोंडअळीतून जो काही कापूस वाचला तो लवकर घरात यावा म्हणून जो तो घाईत, आणि आयांबरोबर पोरीही वेचणीला. हजेरी घेताना मी भिंतीशी बोलतेय असंच वाटतं.

त्यात शाळा सुटल्यावर मारेगावला जाणारी एसटी आलीच नाही. फाट्यावर तासभर उभी राहिले... शेवटी वेचणीहून बायांना परत आणणारा एक पिकअप थांबला. केबिन भरलेली होती. पेपरांची पिशवी सांभाळत मी मागे चढले.

मागे दहा-बारा बाया, आणि त्यांच्यात कोण? माझ्याच वर्गातली करुणा. आठ दिवस गैरहजर.

मी तिथेच सुरू झाले. "अगं, पुढच्या वर्षी दहावी आहे तुझी. काय करणार आहेस?" शेजारी बसलेली तिची आई म्हणाली, "येते ना मॅडम ते. एवढी वेचणी होऊ द्या." हे वाक्य मी दिवाळीपासून प्रत्येक आईकडून ऐकतेय...

खाली धूळ, कापसाचा कचरा. मी बसलेच नाही, केबिनमागची दांडी धरून उभी राहिले. तर आतापर्यंत तोंड न उघडणारी करुणा एकदम म्हणाली, "मॅडम, तिथं उभ्या नोका राहू. खाली बसा. पाठ केबिनले लावा, तोंड मांगं करा."

म्हणजे शाळेत यायचं नाही, आणि मलाच शिकवायचं! पण बाकीच्या बायाही म्हणू लागल्या, "बसा मॅडम, ते पोरगी आयकत नाही कोणाचं." बसले चिडून. मग बघितलं, सगळ्या बाया तशाच बसल्या होत्या. पहिली रांग केबिनला टेकून, दुसरी रांग पहिलीच्या गुडघ्यांना टेकून... सगळ्यांची तोंडं मागे. पाण्याची कॅनसुद्धा केबिनला चिकटवून ठेवलेली.

पाचेक मिनिटं झाली असतील. तुरीच्या शेतातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून रस्त्यावर आली आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला.

माझी पाठ केबिनवर दाबली गेली, बस्स... एवढंच. कोणालाही खरचटलं नाही. फक्त मागच्या फळीजवळ राहिलेला कोणाचा तरी स्टीलचा डबा उडत आला आणि माझ्या डोक्याच्या हातभर वर, केबिनच्या पत्र्यावर आदळला. मी उभी असते तर...

करुणाला विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मांगच्या हप्त्यात कुसुममावशी समोर तोंड करून बसली होती. ब्रेक लागला, मावशी केबिनवर आपटली. दोन दात गेले. तवापासून मी सगळ्यायले असंच बसवून राह्यली."

"मग पेपरात का नाही लिहिलंस?"

"लिवलं ना मॅडम," ती सहज म्हणाली. "मावशीचं नाही, ते मंग झालं... पण गाडीचं लिवलं."

ती गैरहजर म्हणून तिचा पेपर माझ्याच पिशवीत होता. काढला. 'गाडी थांबते. आपण थांबत नाही, आपण जातच राहतो, म्हणून पुढे पडतो.' त्यावर माझ्याच हाताची लाल फुली. कारण उत्तरात 'जडत्व' हा शब्द नव्हता... मी शब्द शोधला, वाचलं नाही.

ती फुली तिला दिसली. मी तिथेच, हलत्या गाडीत, फुली खोडून पूर्ण मार्क दिले आणि सॉरी म्हणाले. तिची आई अवघडून हसली.

काल करुणा शाळेत आली, एका दिवसापुरती. मी खडू तिच्या हातात दिला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. ती आधी लाजली. मग फळ्याकडे न बघताच वर्गाला म्हणाली, "ब्रेक गाडीले असते. आपल्याले नसते."

अख्ख्या वर्गाने मान हलवली. इतकी वर्षं शिकवतेय, मला हे एका ओळीत कधी जमलं नाही.

आज पुन्हा तिचं बाक रिकामं आहे. प्रचंड चिडचिड होतेय... उद्या तिच्या घरी जाणार आहे. मार्क दिले, पण थँक्यू म्हणायचं राहिलंय.