कुंडलिकेत सोडलेला ब्लॉक

आईचा खोकला सगळ्यात आधी पापडांना नडला. पेणमध्ये एका बाईंकडे ती बरीच वर्षं पापड लाटायला जात होती. लाट्यांसमोर बसून खोकायचं नाही, हा तिथला साधा नियम. बाईंनी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "बरी होऊन ये, तुझा पाट कुणाला देत नाही मी."

मग सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. खोकला होता तसाच राहिला. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात छातीत सुई घालून तुकडा काढला आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. सुई काढताना फुप्फुसातली हवा छातीत सुटली, म्हणून चार दिवस बरगड्यांमधून नळी घालून ठेवली होती. घरी येताना आई म्हणाली, "काय पन करा, पुन्यांदा ती सुई नाय."

डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "बिडी? सिगारेट?"

आईने माझ्याकडे पाहिलं आणि चोरी कबूल करावी तशी हळूच म्हणाली, "मशेरी लावते. ती पन सोडते."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की कधीच न ओढणाऱ्या माणसांनाही हा आजार होतो. त्यांच्यातल्या काहींच्या गाठीत एखाद्या जनुकात बदल झालेला असतो आणि सगळी गाठ त्या एका बदलावर चालते. तो सापडला तर नेमकी त्याच्यावरची गोळी असते. रोज घरी बसून घ्यायची. काढलेला तुकडा तपासायला पाठवू, म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. इंग्रजी कागद आला की बाबा तो माझ्यासमोर धरायचे आणि मला तो सगळा कळतो असं धरून चालायचे. मीही मान हलवायचे. निम्मं कळत नसे, पण तसं म्हणायला जीभ रेटत नसे.

तुकडा म्हणजे मेणाचा ब्लॉक. तो हॉस्पिटलातून घेऊन लॅबला मीच नेऊन दिला. काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची चौकट, तिच्यावर मेणाचा थर, आणि मेणात तांदळाच्या कणीएवढं करडं काहीतरी. ती आई. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. त्यांनी एकच जनुक तपासलं होतं आणि त्यात बदल नव्हता. केमो सुरू करायची ठरली. लॅबच्या खिडकीतल्या बाईने रिपोर्टसोबत ब्लॉक परत दिला आणि म्हणाली, "जपून ठेवा हं. परत लागतो कधी कधी."

हे वाक्य मी ऐकलं होतं. पुढचं सगळं सांगताना ते लक्षात असायला हवं.

घरी आल्यावर बाबांनी ती छोटी पिशवी उघडली. आई आत झोपली होती.

"ह्यो काय?"

"आईच्या छातीतला तुकडा. तपासायला दिला होता तो."

बाबांनी तो लगेच खाली ठेवला. मग हात धुऊन आले. "ह्यो घरात कशाला आनला, बाय?"

बाबांची भातशेती आहे, पण गणपतीच्या आधीचे काही महिने ते हमरापूरला एका कारखान्यात मूर्तीकामाला जातात. तिथे एखाद्या मूर्तीचा हात तुटला, कान उडाला, तर ती कचऱ्यात टाकत नाहीत. मालक सांगतो आणि कुणीतरी ती नेऊन पाण्यात सोडतो. बाबा हे काम वर्षानुवर्षं करत आलेत. भंगलेलं घरात ठेवायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलंय. आणि इथे तर आईच्याच अंगातला, आजारी तुकडा. ते म्हणाले, "ह्यो हितं असला तर तिला बरा नाय वाटनार. वाहत्या पान्यात सोडू."

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असे ब्लॉक खोकाभर आहेत. काही माझ्या जन्माच्या आधीचे. सर त्यातून अजूनही पातळ काप काढून आम्हाला दाखवतात. म्हणजे त्या मेणात तुकडा टिकतो, पुन्हा पुन्हा तपासता येतो, हे मला पुस्तकातून नाही, डोळ्यांनी पाहून माहीत होतं.

मी म्हटलं, "बाबा, पण..."

"पन काय?"

"काही नाही."

रिपोर्ट तर आला, असं मी मनाला सांगितलं. आता कशाला लागेल. आणि खरं सांगायचं तर मलाही तो घरात नको होता.

उन्हाळ्यात आमच्या पेणच्या भोगावतीला धार नसते. कुंडलिकेला बारा महिने पाणी, आणि तिच्या काठचं रोहा आईचं माहेर. "तिच्या गावच्या नदीत जाऊ दे," बाबा म्हणाले. आईला सांगितलं की मामाकडे जाऊन येतो. रामवाडीच्या स्टँडवरून एसटी पकडली. नागोठण्यापर्यंत पिशवी बाबांच्या मांडीवर होती, पुढे माझ्या. रोह्याला नदीवर पोचलो तेव्हा ऊन चटका देत होतं. बाबा गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांनी ब्लॉक सोडला, पण तो बुडेना. मेण ते, तरंगायला लागलं. थोडं गोल फिरलं आणि धारेला लागलं. बाबांनी हात जोडले. मग मीही जोडले. येताना त्यांनी आईसाठी कलिंगड घेतलं.

केमोच्या चार फेऱ्या झाल्या. आईचे केस गेले, खोकला गेला नाही. पावसाळ्यात नवीन फोटो निघाला तेव्हा गाठ वाढलेली होती. या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी जुना रिपोर्ट पाहिला. "एकच जनुक पाहिलंय. बाकीची राहिलीत. गोळी चालेल असे आणखी बदल असतात. ब्लॉक घेऊन या, सगळं एकदम तपासून घेऊ."

मी खाली बघत राहिले. बाबा म्हणाले, "तो नाय आता."

"नाही म्हणजे? हरवला?"

"सोडला. नदीत."

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मिटून ठेवला. बाबांना त्यांनी एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं. आईला मात्र हे तिथेच, आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून कळलं. तिने बाबांकडे पाहिलं.

"म्हंजे मला न विचारता माझा विसर्जन केलात तुमी? आनि माझ्याच माहेरी?"

ती हसायला लागली आणि हसता हसता खोकत सुटली. बाबा तिची पाठ चोळत होते.

डॉक्टरांनी आधी रक्तातून तपासणी करून पाहिली. रक्तात काही मिळालं नाही. त्या म्हणाल्या, रक्तात मिळालं नाही म्हणजे गाठीत नाहीच असं होत नाही, पुन्हा तुकडा काढावा लागेल. आईने नकारार्थी मान हलवली. मी विनवलं, मामा रोह्याहून येऊन रागावून गेला, बाबांनी तर तिच्याशी बोलणंच सोडलं, लाजेने. "मला ती नळी परत नको," एवढंच ती म्हणायची. त्यात दोन महिने गेले.

मग तिच्या मानेत गाठ आली. आजार पसरला होता, म्हणून सुईला सोपी जागा मिळाली. मानेतून तुकडा काढायला पाच मिनिटं लागली. आई म्हणाली, "एवढाच? मंग आधीच का नाय सांगितला?" आधी तिथे गाठ नव्हती, हे तिला कुणी सांगितलं नाही.

या वेळी बदल सापडला. दोन जनुकांचे तुकडे भलत्याच ठिकाणी जोडले गेले होते आणि त्यावर गोळी होती. डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या.

गोळी लागू पडली. हे मला नीट लिहायचं आहे, कारण पुढे कुणाला वाटेल की तिचा उपयोग झाला नाही. पंधरा दिवसांत मानेची गाठ बोटाला लागेनाशी झाली. रोज सकाळी आई माझा हात धरून तिथे टेकवायची. "बघ गो. गेली ना?" खोकला थांबला. एके दिवशी तिने उडदाचं पीठ आणायला सांगितलं आणि भिंतीला टेकून तीन पापड लाटले. तिसरा वाकडा झाला. "बाई पैसे कापतील," म्हणाली आणि आडवी झाली.

पण अंगात काही उरलं नव्हतं. पाय सुजलेले, वजन शाळकरी मुलीएवढं. दिवाळीनंतर ताप आला, तो न्यूमोनिया निघाला. गाठ आकसत होती आणि आई गेली.

मी डॉक्टरांना नंतर विचारलं, पावसाळ्यातच गोळी मिळाली असती तर? त्या म्हणाल्या, "ताकद असताना मिळाली असती तर वेळ जास्त मिळाला असता. किती, ते मी सांगू शकत नाही."

कधी कधी माझ्या मनात येतं की गोळी लागू पडली नसती तर बरं झालं असतं. मग नदीत काय गेलं ते मला कळलं नसतं. स्वतःच्या आईबद्दल असं मनात येतं, आणि ते इथे लिहिल्याशिवाय बाकीचं खरं वाटणार नाही.

मानेतल्या तुकड्याचा दुसरा ब्लॉक घरीच आहे. बाबांनीच तो पापडाच्या रिकाम्या डब्यात ठेवला होता आणि डबा फळीवर सगळ्यात वर. दिवस झाल्यावर आम्ही अस्थी कुंडलिकेत सोडल्या. घरी आल्यावर बाबांनी डबा काढला, उघडून पाहिलं, पुन्हा लावला.

"ह्यो र्‍हाऊ दे," ते म्हणाले. "मला नाय समजत त्यातला. मागच्या बारी मीच घात केला तिचा."

इतके महिने ते हे एकटे वाहत होते आणि मी वाहू देत होते. मी म्हटलं, "बाबा, मला माहीत होतं."

"काय म्हायीत होता?"

"तो पुन्हा लागतो ते. लॅबमधल्या बाईने सांगितलं होतं. कॉलेजातही पाहिलं होतं मी."

त्यांनी डबा हातातून ठेवला नाही. आवाज चढला नाही त्यांचा.

"मंग बोललीस का नाय गो, बाय? मी आयकला असता."

खरंच ऐकलं असतं त्यांनी. मी घरात शिकलेली एकटी, माझं ते नेहमीच ऐकत आलेत. ते स्टुलावर चढले आणि डबा फळीवर ठेवायला लागले. स्टूल डुगडुगतं, म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.