लाल तार

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण ती सांगायची तर त्यात मीही येतो. माझ्या लेकीचे सासरे, म्हणजे ईट गावचे आमचे व्याही, यांच्याइतका बोलणं नीट वाटून देणारा माणूस उभ्या जिल्ह्यात झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. हौशी रेडिओवाल्यांच्या आमच्या मंडळाचे दोन रिपीटर होते, एक आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या टेकडीवर, दुसरा मुरुमला. हातातल्या छोट्या सेटचा क्षीण आवाज ऐकायचा आणि तोच जोरात पुढं पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. या दोघांना जोडणारा बोर्ड व्याह्यांनी घरी बनवून लाडवाच्या जुन्या डब्यात बसवला. कुठला आवाज कुठं जाईल, कोणता ट्रान्समीटर कधी चालू होईल, हे तो बोर्ड ठरवायचा. "पाव्हणं, ह्यो माझा पंगतीतला वाढपी," ते म्हणत. "इकडचं तिकडं वाढतो, पण ज्याचं त्याच्याच ताटात परत न्हाय."

कुणी सलग तीन मिनिटं बोललं की बोर्ड ट्रान्समीटर बंद करायचा, तो तापू नये म्हणून. हा नियम त्यांनी घरातही लावला होता. समोरचा बोलू लागला की मनगट वर करून घड्याळ बघायचं आणि वेळ भरली की "संपली पाळी" म्हणून उठून जायचं. सोयरीक ठरवायला गेलो तेव्हा माझे थोरले बंधू घराण्याची थोरवी सांगताना जेमतेम आजोबांपर्यंत पोचले होते, तोच व्याही "संपली पाळी" म्हणून उठले. आतून विहीणबाई म्हणाल्या, "मंगलाष्टकं तरी पुरी हुऊ द्या म्हणावं!"

मंडळाच्या वार्षिक समारंभात अध्यक्षांचं भाषण दोन्ही रिपीटरवरून जाणार होतं. ते मधेच तुटलं तर अपमान होईल, म्हणून व्याह्यांना न विचारता मी टेकडीवर गेलो आणि लाल तारेचा एक तुकडा जोडून ती तीन मिनिटांची सोय बंद पाडली. भाषण झकास झालं. तार काढायची राहून गेली. चार दिवसांनी कुणाच्या तरी सेटचं बोलायचं बटण गाडीच्या सीटखाली दबून राहिलं. बोर्डानं वाशीचा ट्रान्समीटर दिवसभर चालूच ठेवला आणि तो जळाला.

बैठकीत सगळे म्हणाले, घरगुती बोर्ड दगा देणारच. व्याही त्याच सकाळी टेकडीवर जाऊन आले होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी खाली सतरंजीकडं बघत होतो. "व्हय, बोर्ड माझाच," ते म्हणाले. बोर्ड उतरवला गेला. ते मंडळात पुन्हा कधी आले नाहीत.

मागच्या वर्षी ईटला गेलो, तर त्यांच्या चष्म्याची मोडकी दांडी लाल तारेनं बांधलेली.

"ही तार..." मी म्हणालो.

"लई चांगली हाय. तुटत न्हाय." त्यांनी मनगट वर केलं. "बोला, पाव्हणं."

तीन मिनिटं झाली, पाच झाली. ते उठले नाहीत. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हापासून पहिल्यांदाच ते असे वाट बघत बसून राहिले. शेवटी मी सोयाबीन कसं आहे ते विचारलं.

आता ते नाहीत. "व्याही, तार मी लावली होती, माफ करा," एवढंच म्हणायचं होतं. त्याला पाच सेकंदही लागले नसते.