मी मॅडम, ती ताई

आमच्या लाइनवर तिला सगळ्या ताई म्हणायच्या आणि मला मॅडम. यात रडण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. मॅडम म्हणजे मानच की! पण तोंडावर मॅडम आणि पाठ वळली की खीखी, हे जिने ऐकलंय तिलाच कळेल, माझा जीव किती जळायचा ते.

चाकणच्या एका कंपनीत आम्ही वीसेक बायका गाड्यांच्या वायरी जोडायचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी मी लाइन लीडर झाले, ॲप्रनवर तसा बिल्ला आला. बाकीच्या बायका कंपनीत गेल्यावर ॲप्रन चढवायच्या. मी थेरगावात बसच्या थांब्यावरच घालून उभी राहायचे. बघू दे की लोकांना, त्यात काय!

ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, लातूरकडची. जेवताना मचामचा आवाज करणार, माझा नेलेला डबा चार-चार दिवस परत देणार नाही, आणि तोंडाने तर अशी फटकळ की विचारू नका. तरी कुणाची सासू आजारी पडो, कुणाला सुट्टी हवी असो, सगळ्या आधी तिच्याकडे. सुट्टी देणार मी, आणि विचारायचं तिला! "ताई, मॅडमना आज सांगू का उद्या?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

गेल्या हिवाळ्यात तिने अर्धा दिवस एका प्रकारच्या सगळ्या कनेक्टरमध्ये दोन वायरी उलट्या घातल्या. जेवणाच्या सुट्टीत तिच्याच लक्षात आलं. मी मनातून खूश, म्हटलं, आता कळेल सगळ्यांना. ती उठली, सरळ सुपरवायझरपुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, माझ्याकडनं उलट्या गेल्यात. समद्या काढाव्या लागतील." त्या दिवशी सगळ्यांना तास-दीड तास जास्तीचं थांबावं लागलं, नेहमीची बसही गेली. मी वाट बघत होते, आता एखादी तरी तिला बोलेल. कसलं काय! एकीने तिला चहा आणून दिला, दुसरी म्हणाली, "राहू द्या ताई, होतं असं." घरी येऊन मी नवऱ्यापुढे भडाभडा ओकले, "चूक केली तरी हिचाच मान वाढतो!" तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "मग तूही कर एखादी."

तो चेष्टेने बोलला, मी मनावर घेतलं. बरेच दिवस शोधून मी एक चूक निवडली, अगदी स्वस्तातली. सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "शनिवारी एका खोक्यावर लेबल चुकीचं लागलं. चूक माझी आहे." आवाजही जरा कापरा केला. एक खोकली, एक खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली. सुपरवायझर म्हणाले, "बरं, पुढे?"

परतीच्या बसमध्ये ती पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "लेबलाचं कशाला सांगायलाव, मॅडम? चेकशीटचं सांगा की."

चेकशीटची गोष्ट मी लीडर व्हायच्या आधीची. लीडर एक तर ती होणार होती, नाही तर मी. एक दिवस ती अर्ध्या दिवसाने घरी गेली आणि तिच्या जागेवर मी बसले. वायर निसटू नये म्हणून एक छोटं लॉक बसवायचं असतं, ते घाईत माझ्याकडून कितीतरी ठिकाणी राहिलं. माल परत आला. कुठल्या जागेवर कोण बसलं ते लिहायच्या त्या चेकशीटवर तिचंच नाव होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. बोलणी तिने खाल्ली. पुढच्या आठवड्यात बिल्ला मला मिळाला.

"तुम्हाला कधीपासून माहितीये?" मी विचारलं.

"पहिल्या दिसापासून. समद्यांनाच हाय. तिथं कोण बसलं हुतं, ते दिसत न्हाई व्हय?"

लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, आधी वाटला तो हेवाच. दोन वर्षं गिळून बसली मेली, म्हणजे इथेही माझ्या वरचढ! लाज आली ती घरी, भाकरी थापताना, आणि मग काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. आवाज कापरा करावा लागला नाही. सुपरवायझरांचा चेहरा उतरला. "यावर नंतर बोलू," एवढंच म्हणून ते ऑफिसकडे गेले. मग सगळ्या माना वळल्या, पण माझ्याकडे नाही, तिच्याकडे. ती काय म्हणते ते ऐकायला.

तिने ॲप्रनची गाठ आवळली. "सांगितलं ना त्यांनी? झालं मग. चला गं, लागा कामाला."

लाइन सुरू करा म्हणायचं काम माझं होतं. मी तोंड उघडायच्या आत सगळ्या आपापल्या जागी बसल्या होत्या.