घसरणारे चष्मे

चष्मेकाकांनी बसवलेला चष्मा परत येत नाही, असा त्यांचा चाळीस वर्षांचा ताठा होता आणि तो खोटाही नव्हता. काचेवर ‘हा’ करून वाफ सोडायची, फडक्याने पुसायची, चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायचा आणि जवळ वाकून कानामागची दांडी बोटांनी वळवायची. पण गेल्या वर्षभरात अकरा चष्मे परत आले. तक्रार एकच, नाकावरून घसरतो. काकांना स्वतःच्या बोटांची धास्ती वाटू लागली. हातच गेले तर दुकान उघडायचं कशाला?

अकरावा चष्मा एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा होता. तोही तिसऱ्यांदा आलेला. काका पुढे वाकले तशा बाई मागे सरकल्या.

"टोचतंय ना? अजून जरा सैल करतो," काका म्हणाले.

"सैल नका करू हो. मी चष्म्यामुळे नाही मागे सरकत. तुमच्या तोंडाला वास येतो. काचेलाही येतो. राग आला तर येऊ दे, पण कोणीतरी सांगायला हवं."

राग आलाच. दोन्ही वेळा दात घासणारा, खिशात लवंगा बाळगणारा माणूस तो! पण मग एकेक गिऱ्हाईक आठवलं. जो जो मागे सरकला, त्याचा त्याचा चष्मा काकांनी सैल केला होता. बोटं शाबूत होती. दिव्याखाली अंधार होता, एवढंच.

संध्याकाळीच ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी लवंगांची पुडी बाजूला सारली. "यानं वास दबतो, जात नाही. दिवसभरात पाणी किती पिता?"

दुकान सोडून जावं लागू नये म्हणून काका दुपारभर घोटही घेत नसत. तोंड कोरडं पडलं, लाळ आटली की जंतूंचं फावतं. जिभेवर पांढरा थर साचला होता, हिरड्यांच्या कडेला कीटण. आणि दीड वर्षापूर्वी बसवलेली अर्धी कवळी काका रात्रीसुद्धा काढत नव्हते.

काका हट्टाला पेटले. कीटण काढून घेतलं. रात्री कवळी घासून पाण्यात ठेवायची, जीभ पार मागपर्यंत साफ करायची, दातांच्या फटींतून दोरा फिरवायचा. काउंटरवर पाण्याची बाटली आली. दुकान चारदा बंद करून जावं लागलं तरी बेहत्तर. काचेवर वाफ सोडणं कायमचं बंद, त्याऐवजी फवारा. महिन्याभराने त्यांनी अकराही जणांना फोन करून बोलावलं, चष्मे घट्ट बसवले, आणि ज्याने विचारलं त्याला कारणही सांगितलं. शिक्षिकाबाई या वेळी जागच्या हलल्या नाहीत.

त्या दिवशी घरी आले तर बायको वाचत बसली होती. दर दोन ओळींनी बोटाने चष्मा वर ढकलत होती.

"हा कधीपासून घसरतोय?"

"वर्ष झालं. तुम्हीच सैल करून दिलात."

"मग मला वासाचं सांगायचं नाही?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही लवंगा घेऊन आलात."

काकांना फार वाईट वाटलं. स्टूल ओढून ते तिच्यासमोर बसले आणि जवळ वाकले. ती मागे सरकली नाही, पण सवयीने श्वास रोखून बसली.

"श्वास घे," काका म्हणाले, आणि तिने तो घेईपर्यंत त्यांनी दांडीला हात लावला नाही.